जखमेचं जेवण

२६ मे २०२४, आरे

शेजारची सून काल कोल्हापूरहून घरी आली. या महिन्याच्या सुरुवातीला अंगणातल्या चुलीवर हापूसचा रस आटवताना टोप कलंडला आणि उकळता रस पोटावरून मांड्यांवर आला. आटलेला रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. कातडीला चिकटून राहतो, उष्णता धरून ठेवतो आणि खोल भाजतो. नवऱ्याने तिला आधी रत्नागिरीला नेलं, तिथून आंबा घाटाने कोल्हापूरला. शरीराचा पाचवा हिस्सा भाजल्याचं डॉक्टरांनी लिहिलं आहे. उजव्या मांडीवर त्वचारोपण करावं लागलं आणि त्यासाठी डाव्या मांडीवरची कातडी पातळ सोलून घेतली. म्हणजे ती दोन जखमा घेऊन आली आहे, एक भाजल्याची आणि एक कातडी दिल्याची.

पाहायला गेले तेव्हा माझं लक्ष पट्ट्यांपेक्षा तिच्या दंडांकडे गेलं. अपघाताआधी ५४ किलो, दवाखान्यातून निघताना ४७. मुंबईत भाजलेल्या रुग्णांचा आहार ठरवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. हा फरक पाहिला की आत काय चाललं असेल ते मला सांगावं लागत नाही.

घरी सोडतानाचा कागद मागून घेतला. मलमाचं नाव, गोळ्यांच्या वेळा, पट्टी कधी बदलायची, फेरतपासणीची तारीख, सगळं नीट लिहिलेलं. आहारासमोर तीन शब्द: सकस आहार घ्यावा.

२७ मे

सकस म्हणजे काय, ते घराने आपल्या समजुतीने ठरवलं. सासूबाईंच्या मायेत काडीची खोट नाही. रात्री त्याच उठतात, त्याच कूस बदलायला हात देतात. पण पथ्य कडक. "म्हावरं नको गो ताई, पू धरतो," मला म्हणाल्या. "अंडं उष्ण पडतं. डाळीने वारा होतो. आंबट तर नावालासुद्धा नको, जखम चिघळते." उरलं काय? मऊ भात, तूप-मीठ, रव्याची खीर, चहा आणि बिस्किटं.

घरी येऊन वहीत मांडलं. दिवसाकाठी दोनशे ग्रॅम तांदळातून पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. रवा, बिस्किटं, चहा-खिरीतलं दूध मिळून आणखी सात-आठ. बावीस-तेवीस ग्रॅम झाले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तिच्या मूळ वजनाला ती पंचेचाळीस ग्रॅम होतात. मोठं भाजलेल्या प्रौढाला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम द्यावीत, असं युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत आहे आणि आमच्या कक्षातही आम्ही तोच हिशेब धरत होतो. म्हणजे ८० ते १०८ ग्रॅम. पथ्याच्या ताटात त्याचा चौथा भाग पडतो आहे.

तिला आणखी मलम नको आहे. तिला जेवण हवं आहे.

२९ मे

आज तिचा नवरा येऊन बसला होता. त्याला पडलेला प्रश्न रास्त आहे: "काकी, ती दिवसभर पडून असते, मग एवढं खायला कशाला हवं? पडल्या माणसाला पचेल का?" त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण हाच प्रश्न मला कक्षात पुन्हापुन्हा विचारला गेला.

भाजलेलं शरीर पडून असलं तरी विसावलेलं नसतं. कातडी हे आपलं पाणी आणि ऊब आत ठेवणारं झाकण. ते गेलं की जखमेतून पाणी पाझरतं, त्याबरोबर प्रथिनं जातात, उष्णता जाते. म्हणून भाजलेल्यांचे कक्ष मुद्दाम उबदार ठेवतात. शरीराला धोक्याची सूचना देणारी संप्रेरकं चढलेली राहतात, नाडी जलद चालते, ताप नसतानाही अंग तापतं. खूप मोठं भाजलं असेल तर शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च दुपटीच्या जवळ जातो, आणि जखम भरल्यावरही तो लगेच खाली येत नाही. काही महिने, मोठ्या भाजण्यात वर्षभरसुद्धा, चढा राहतो.

हा खर्च शरीर कुठून भागवतं? स्नायूंमधून. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला. प्रथिनं मोडली की तो बाहेर पडतो. मोडलेल्या जागेतून येईल त्यापेक्षा तो कितीतरी अधिक निघाला. म्हणजे इजा एका पायाला झालेली असताना सबंध अंगाचे स्नायू मोडत होते. भाजण्यात हे सर्वांत जास्त होतं. छप्पर गळतं म्हणून घरातल्या माणसाने भिंतीचे चिरे काढून वर लावावेत, तसं शरीर दंड-मांड्यांचा ऐवज काढून जखमेवर खर्च करतं. नवऱ्याने स्वतः जांभ्याच्या चिऱ्यांचं काम केलेलं आहे. त्याला ते लगेच पटलं.

प्रथिनं म्हणजे अमायनो आम्लांच्या माळा. एकूण वीस आम्लं, त्यातली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बाकीची शरीर एरवी स्वतः तयार करतं. पण मोठ्या इजेत त्यातल्या काहींचा खप इतका वाढतो की घरची निर्मिती पुरत नाही. ग्लुटामिन हे त्यातलं पहिलं. रक्तात मोकळं फिरणाऱ्या अमायनो आम्लांत ते सर्वांत जास्त असतं, स्नायू ते बनवतात आणि आतड्याचं अस्तर व रोगाशी लढणाऱ्या पेशी ते वापरतात. दुसरं आर्जिनिन. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तवाहिन्यांना हा इशारा कोण देतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. आर्जिनिनचाच दुसरा फाटा पुढे प्रोलिन होतो, आणि प्रोलिन नसेल तर नवी कातडी उभी राहत नाही.

"मग ती आम्लंच आणून देऊ?" तो म्हणाला. म्हटलं, आधी जेवण.

२ जून

त्याने विचारलं होतं ते उगीच नव्हतं. मुंबईहून मोठा दीर आला, दोन पिशव्या भरून. एका पिशवीत ग्लुटामिनची पाकिटं, दुसरीत प्रथिनांचा डबा आणि 'कोलॅजेन' लिहिलेली एक बरणी. दिराने ओळखीच्या दुकानदाराला विचारलं होतं आणि मोबाइलवर पाहिलं होतं. भावजयीसाठी त्याने हे स्वतःच्या पगारातून आणलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणूनच त्याला अर्धवट उत्तर द्यायचं नव्हतं. रात्री बसून नीट लिहून काढलं.

ग्लुटामिनवर आशा ठेवायला खरोखर कारण होतं. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी २००३ साली चाळीस-पंचेचाळीस भाजलेल्या रुग्णांवरचा प्रयोग छापला. पोटावाटे ग्लुटामिन दिलेल्यांत संसर्ग कमी आणि मृत्यूही कमी दिसले. आपल्या जवळचं उदाहरण बेळगावचं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या शल्यचिकित्सकांनी तीस रुग्णांना दोन गटांत वाटून एका गटाला किलोमागे रोज अर्धा ग्रॅम ग्लुटामिन दिलं. २००९ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त तो अभ्यास आला. संसर्ग घटला, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. तो वाचल्यावर आमच्या कक्षातही ग्लुटामिन सुरू करावं का, यावर चर्चा झाली होती. हे लोक आपल्यासारख्याच वॉर्डात, आपल्यासारख्याच रुग्णांवर काम करत होते, त्यामुळे आम्हाला तो अभ्यास दूरचा वाटला नाही.

पण तीस रुग्णांत दोन-चार जणांचं नशीबसुद्धा निकाल फिरवू शकतं. म्हणून पुढे मोठी चाचणी उभी राहिली. चौदा देश, भाजलेल्यांवर उपचार करणारी चोपन्न केंद्रं, खोल आणि मोठं भाजलेले सुमारे बाराशे प्रौढ. निम्म्यांना रोज किलोमागे अर्धा ग्रॅम ग्लुटामिन, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पीठ. कुणाला काय मिळतं ते ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. जिवंत घरी जायला ग्लुटामिनच्या गटाला मध्यकाने ४० दिवस लागले, साध्या पिठाच्या गटाला ३८. सहा महिन्यांत दगावलेल्यांचं प्रमाण १७.२ टक्के आणि १६.२ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. त्याआधी २०१३ साली, अनेक अवयव निकामी होत असलेल्या अत्यवस्थ रुग्णांना मोठ्या मात्रेत ग्लुटामिन दिल्यावर मृत्यू वाढल्याचंही त्याच संशोधकांच्या दुसऱ्या चाचणीत दिसलं होतं. 'नैसर्गिक आहे, अपाय कसला' हे म्हणणं तिथे टिकलं नाही.

मग बेळगाव, मॉन्ट्रियल खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. लहान प्रयोग आशा दाखवतो, मोठा प्रयोग ती तपासतो. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत आणि दोन्ही लागतात.

माझं असंही म्हणणं नाही की पूरक द्रव्यं सगळीच फुकट. इटलीत २०१५ साली छापलेल्या एका अभ्यासात कुपोषित अशा दोनशे रुग्णांच्या, एकाच जागी दाब पडून झालेल्या जखमांना आर्जिनिन, जस्त आणि जीवनसत्त्वं घातलेल्या पेयाने फायदा झाला. तुलना होती तेवढ्याच उष्मांकाच्या, तेवढ्याच प्रथिनांच्या पेयाशी, म्हणून तो निकाल मी गंभीरपणे घेते. पण ती दाबाची जखम, भाजण्याची नव्हे. आणि ती जेवणावर वरून दिलेली भर होती, जेवणाची जागा घेणारी नव्हे.

कोलॅजेनच्या बरणीबद्दल थोडक्यात: आत गेलेलं कोलॅजेन कोलॅजेन म्हणून मांडीवर जाऊन बसत नाही. पोटात त्याची आम्लं सुटी होतात. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक आम्ल मुळात नसतंच, म्हणून एकट्या त्या भुकटीवर प्रथिनांची गरज भागवता येत नाही. साध्या अंड्यात नऊच्या नऊ असतात.

दिराला सांगितलं, प्रथिनांचा डबा ठेव, जेवण कमी पडेल त्या दिवशी दुधात घालू. बाकीचं परत कर आणि त्या पैशात अंडी, दूध आणि डाळी भर.

४ जून

सासूबाईंशी बोलले, दिराला बाजूला ठेवून, दोघीच माजघरात. त्यांना मोठ्या चाचण्यांशी काय करायचं आहे? त्यांना विचारलं, तुमच्या आईने हे पथ्य का पाळलं असेल? म्हणाल्या, पूर्वी जखमा पिकायच्या, माणसं जायची. खरंच जायची. बर्फ नव्हता, बाजारातली मासळी दुपारपर्यंत नासायची, आजारी माणसाला नासकं खाऊ न देणं शहाणपणाचंच होतं. पण पू होतो तो जंतूंनी, म्हावऱ्याने नव्हे. जंतूंशी लढणाऱ्या पेशी ज्यातून घडतात ते तर म्हावऱ्यातच आहे.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उद्या एक अंडं देऊन बघू. काय झालं तर तुमच्यावर." मी म्हटलं, माझ्यावर.

७ जून

पाऊस आला. मृग वेळेवर लागलं. रस्त्यावरची गणपतीपुळ्याकडे जाणारी गर्दी एकदम ओसरली, सुरूच्या बनाखालच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या चढल्या.

१ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत. ताजी मासळी मिळते ती खाडीतली, तीही कधीमधी आणि महाग. पण इथल्या घरात पावसाळ्याची बेगमी असतेच. आज सासूबाईंनी स्वतःहून माळ्यावरचा डबा काढला: जवळा, सुके बांगडे, थोडे सोडे. सुक्या माशातलं पाणी गेलेलं असतं, म्हणून वजनाच्या मानाने त्यात ताज्यापेक्षा पुष्कळ जास्त प्रथिनं. मीठ मात्र दाबून भरलेलं. दोन पाण्यांत धुवायला आणि भिजवून पाणी फेकायला सांगितलं. जवळ्याचं सुकं कांद्यात, पोळीबरोबर. तिने पहिल्यांदा पुन्हा वाढून घेतलं.

कुळथाची पिठी तर हाताशीच आहे. शंभर ग्रॅम कुळथात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. गेली कित्येक वर्षं आम्ही पिठीभाताला गरिबाचं जेवण म्हणत आलो. भातात लायसिन हे आम्ल कमी असतं, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते भातात असतं. एकमेकांची उणीव भरून निघते. वरणभात, पिठीभात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, या जोड्या आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता बसवल्या आहेत.

आजचं ताट मांडलं. तांदूळ अडीचशे ग्रॅम, त्यातून वीस. तूरडाळ नऊ. दोन अंडी बारा. अर्धा लिटर दूध सोळा. कुळथाची पिठी सहा. मूठभर शेंगदाणे सात. जवळ्याचे निदान पंधरा. पंच्याऐंशीपर्यंत पोचलो. एका दमात एवढं जेवण तिला जाणार नाही. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. रात्री झोपताना एक पेला दूध चुकवायचा नाही.

१२ जून

उपकेंद्रात पट्टी बदलायला मीही गेले. डाव्या मांडीची, म्हणजे कातडी दिलेली जागा चांगली गुलाबी दिसते. उजवीकडे दोन ठिकाणी अजून ओलं आहे.

तिथे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, केळीचं पान लावलं तर थंड पडेल का? हा प्रश्न गावंढळ समजून हसण्यासारखा अजिबात नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमांवर आणि कातडी काढलेल्या जागेवरही वापरून पाहिली, आणि २००३ साली 'बर्न्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. मेणासारखं गुळगुळीत पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी काढताना नेहमीच्या जाळीइतक्या कळा येत नाहीत. त्याआधी १९८५ साली वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी केली होती, तीही याच कारणासाठी. पट्टीच्या महाग सामानाशिवाय गरिबाच्या मुलाची जखम झाकता यावी, ही तळमळ त्यामागे होती. भाजल्याबरोबर आधी जखमेवर पाणी ओता, हे घरोघर पोचावं म्हणून केसवानींनी फार खटपट केली. आजही लोक पाण्याऐवजी टूथपेस्ट, शाई, माती लावतात. वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फ नाही, लेप नाही.

मात्र त्या बाईंना बजावलं: ती पानं, त्या साली रुग्णालयात निर्जंतुक करून वापरलेल्या. परसातलं पान तोडून लावायचं नाही. परसातलं पान जेवायला.

१६ जून

हे पान कुणाला दाखवायचं नाही, पण लिहिते. आज दुपारी न सांगता गेले. पुरुष जेवून उठले होते, मुलगी जेवली होती. सून सासूबरोबर बसली होती आणि ताटात भात, पिठी, लोणचं. अंड्यांचं कालवण संपलं होतं. चार अंडी केली होती, ती संपली. तिने स्वतःच वाढून टाकली होती, कुणी मागितलीही नव्हती.

भाजलेल्या बायकांचं वजन घरी गेल्यावर का उतरतं, याचं उत्तर मला कुठल्याच नियतकालिकात सापडलं नाही, इथे सापडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात दरवर्षी दहा लाखांवर माणसं मध्यम ते गंभीर भाजतात, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे, कारण चूल त्यांच्याकडे. शेवटी जेवणारीही तीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं. अशा अंगावर भाजण्याचा खर्च येऊन पडतो.

मी रागावले. सासूबाई मला म्हणाल्या, "आमी सगळ्याच अशा जेवलो ताई." खरं आहे. पण त्याच जागेवरून उठल्या, आत गेल्या आणि दोन अंडी उकडत ठेवली. आणि आता रोज तिचं ताट आधी, सगळ्यांच्या आधी, असं त्यांनीच घरात जाहीर केलं. माझ्याने झालं नसतं ते काम त्यांनी केलं.

२१ जून

वटपौर्णिमा. सकाळीच तिचा निरोप, काकी, उपास धरू का? पोरीच्या डोळ्यांत भीती होती. नवऱ्याला काही झालं तर लोक म्हणतील, हिने वर्षाचा उपास मोडला. नवराच पुढे झाला. म्हणाला, "वडाला मी फेऱ्या मारतो, तू जेव." त्याने मारल्या, भर पावसात. तिने घरात बसून पूजा केली आणि दूध, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे असं खाल्लं. वडाजवळच्या दोघी-तिघींनी त्याच्याकडे पाहून तोंडाला पदर लावला. मला मात्र तो आज फार आवडला.

२८ जून

खाज सुटली आहे, रात्री झोप नाही. भरत्या जखमेला खाज येते, पण कातडी ओरबाडली तर पुन्हा उघडेल. खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी.

आंबटाचं पथ्य अजून सुटत नव्हतं, ते आज सोडवलं. नवी कातडी ज्या धाग्यांवर उभी राहते ते कोलॅजेन. त्याच्या माळेत दर तिसरं आम्ल ग्लायसिन असतं आणि प्रोलिन मुबलक. पण त्या प्रोलिनवर एक छोटी प्रक्रिया व्हावी लागते, तेव्हाच तीन माळांचा पीळ घट्ट बसतो, आणि त्या प्रक्रियेला क जीवनसत्त्व लागतं. पूर्वी लांबच्या जलप्रवासात खलाशांच्या जुन्या, भरलेल्या जखमा पुन्हा उकलत, त्याचं कारण हेच. ताजी फळं संपलेली असत. म्हणजे आम्लं कितीही खाल्ली तरी लिंबू नसेल तर पीळ सैल राहतो. काजूचे बोंडू संपले, आवळा अजून यायचा आहे, पेरू येतील. तोवर रोज लिंबू, वरणावर पिळून. सासूबाईंनी लिंबू कापून माझ्या हातात दिलं, स्वतः पिळलं नाही. चालेल.

५ जुलै

वजन ४९.५. उजवीकडची एक ओली जागा बुजली.

चालायला लावलं आहे, पडवीतून पडवीत. नुसतं खाऊन स्नायू परत येत नाहीत, ते वापरावे लागतात. गुडघा वाकवताना नवी कातडी ताणते, रडू येतं तिला. तरी वाकवायचा, नाहीतर आखडून बसेल.

१७ जुलै

आषाढी. या घरात पंढरीची परंपरा आहे, एकादशी मोडत नाही. मीही मोड म्हटलं नाही. पण साबुदाण्याची खिचडी समोर आली तेव्हा सांगितलं: शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं, तो निव्वळ पिष्ट. त्यातला दाण्याचा कूट तेवढा कामाचा. म्हणून कूट दुप्पट, राजगिऱ्याचं थालीपीठ, वरीचा भात आणि त्यावर दाण्याची आमटी, तीन वेळा दूध, दही. पंचावन्न ग्रॅमपर्यंत नेलं. उरलेलं द्वादशीला सकाळी लवकर, पारण्याला. विठोबाची एकादशी पाळली आणि जखमही उपाशी राहिली नाही.

२५ जुलै

कोल्हापूरची फेरतपासणी झाली. जखमा बुजल्या, वजन ५१. डॉक्टरांनी दाबपट्टीचा घट्ट पोशाख सांगितला आहे, व्रण उंचावू नयेत म्हणून, आणि तो बरेच महिने. खाणं असंच वर्षभर चालू ठेवायचं.

उपकेंद्रातल्या आशाताईंनी मागितलं म्हणून एक कागद मराठीत लिहून दिला. त्यावर एवढंच आहे. भाजलेल्या माणसाचं दर आठवड्याला वजन करा आणि उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं मोजून द्या. अंडं, मासळी, डाळ, दूध, लिंबू बंद करू नका. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका, आणि कसलीही भुकटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच देऊ नका. बाई भाजली असेल तर तिचं ताट सगळ्यांत आधी वाढा.

आणि भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना विनंती: घरी सोडतानाच्या कागदावर 'सकस आहार घ्यावा' लिहू नका. मलमाची मात्रा लिहिता तशी प्रथिनांची लिहा, ग्रॅममध्ये, आणि त्याखाली ते ग्रॅम कशातून येतील तेही लिहा.